आबांसाठी रडलो नाही, नटासाठी रडलो

पत्र आलंय कोल्हापूरहून. थोडं आवरून देते आहे.

"नमस्कार ताई. शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, हाताखाली तीन पोरं. वय ४७. नाटकाचा नाद पहिल्यापासून. १४ ऑक्टोबर २०२४ ला फोनवर बातमी आली, अतुल परचुरे गेले. लावलेला जॉब तसाच ठेवून मशीन बंद केलं आणि पोरांच्या देखत ढसाढसा रडलो. २००९ च्या मंदीत माझ्या ऑर्डरी बंद पडल्या होत्या, तेव्हा केशवराव भोसले नाट्यगृहात त्यांचं नाटक बघितलं होतं. दोन तास हसलो आणि बऱ्याच दिवसांनी त्या रात्री झोप लागली. ते मी विसरलेलो नाही.

रात्री बायको म्हणाली, 'मामंजी गेले तेव्हा एक टिपूस गाळलं नाही तुम्ही, आणि आता नटासाठी रडताय?' ते खरं आहे. आबा मे २०२१ मध्ये कोरोनात गेले. बेड शोधण्यापासून बिलापर्यंत मीच पळत होतो. पंचगंगेच्या स्मशानात लांबनं बघितलं. रडू आलं नाही. शेवटचे आठ दिवस आबा दवाखान्यातनं फोन करायचे ते हिलाच, मी बाहेर असायचो. आबांना नाटकाचा राग होता. 'तोंडाला रंग फासणाऱ्यांसाठी पैसे घालवतोस' म्हणायचे.

मग तीन दिवसांनी दुसरंच. मुलगी बारावीला आहे. लॉकडाऊनमध्ये ती एका इंग्रजी बँडची गाणी ऐकायला लागली होती. त्यातला लियाम पेन नावाचा गायक हॉटेलच्या बाल्कनीतनं पडून गेला. पोरीनं दोन दिवस धड खाल्लं नाही, क्लास बुडवला. मी ओरडलो, 'कोण कुठला गोरा, त्याला तू माहीत तरी होतीस काय?' तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. दिवाळीतही नाही. बायको म्हणते, बापलेक दोघंही खुळे.

मी आबांसाठी का रडलो नाही? पोरीला काय सांगू? आणि वर्कशॉपमध्ये परचुरेंचा फोटो लावायचा आहे, तर ही म्हणते, हार घातलेला फोटो घरच्या माणसाचा असतो. काय करू?"

दादा,

तुमचं पत्र वाचून बरेच जण तुम्हाला एक सोपं उत्तर देतील. तुम्ही परचुरेंसाठी रडलाच नाही, साडेतीन वर्षं आत कोंडलेलं आबांचं रडू त्या दिवशी बाहेर पडलं, असं ते म्हणतील. त्यात आबांचाही मान राहतो आणि तुमचाही, म्हणून ते ऐकायला बरं वाटतं. मला ते पुरतं पटत नाही. तसं मानलं तर परचुरे नुसते निमित्त ठरतात. पदरचे पैसे घालून, रविवारची झोप सोडून, आबांची बोलणी खाऊन तुम्ही ज्यांना बघायला जात होतात ते तुमच्यासाठी निमित्त नव्हते. तुम्ही त्यांच्यासाठीच रडलात.

मग आबांसाठी का नाही? मे २०२१ मधले स्वतःचे ते दिवस आठवा. घरातले कर्ते तुम्ही. बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन, उसने पैसे, बिल. एरवी आपल्याकडं कुणी गेलं की पै-पाहुणे येतात, भावकी जमते. लाकूडफाटा आणि शेणी (गोवऱ्या) कुणीतरी बघतं, रक्षाविसर्जनाची वेळ ठरवून कुणीतरी पेपरात देऊन येतं, शेजारनं पिठलं-भाकरी येते. कर्त्या माणसाच्या हातातलं एकेक काम ही माणसं काढून घेतात. मग एखादी म्हातारी आत्या येऊन गळ्यात पडते आणि तोवर ताठ उभा असलेला माणूस तिथं फुटतो. त्या मे महिन्यात आत्या आली नाही, येऊ शकत नव्हती. अंगभर प्लास्टिक घातलेल्या माणसांनी सगळं केलं आणि तुम्ही लांब उभे राहिलात. तुमच्या हातातलं काम काढून घ्यायला कुणीच नव्हतं, आणि घरी परतल्यावर पुढचं काम समोर होतंच. त्यात मशीन सुरू ठेवायचं होतं, पोरांचे पगार द्यायचे होते.

परचुरे गेले तेव्हा मात्र तुमच्यावर कसलीही जबाबदारी नव्हती. बेड शोधायचा नव्हता, कुणाला कळवायचं नव्हतं, खांदा द्यायचा नव्हता. बातमी आली आणि तिच्यासमोर तुम्ही रिकाम्या हातांनी उभे होतात. रडू आलं ते त्यामुळं, असं मला वाटतं. कुणावर किती जीव होता याचं माप त्यात नसतं. तेव्हा बापापेक्षा नट मोठा झाला, असली शिक्षा स्वतःला देऊ नका.

पण यातून एक गोष्ट निघते आणि पुढचं सगळं मी तिच्यावरच लिहिणार आहे. तुमच्याजवळ दोन दुःखं आहेत आणि दोघांची गरज उलटी आहे. आबांच्या दुःखात तुम्हाला कामच काम होतं, फुरसत मिळाली नाही. परचुरेंच्या दुःखात फुरसत आहे, पण करायला काही नाही, म्हणून ते नुसतं घुसमटतंय.

आधी परचुरेंचं बोलू, कारण तिथं तुम्हाला लाज वाटतेय आणि ती आधी जायला हवी. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली या नात्यावर लिहिलं. टीव्ही तेव्हा नवा होता. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असं वाटतं, रोज बघून बघून तो ओळखीचा होतो, पण ही ओळख एकाच बाजूची असते, असं त्यांचं म्हणणं. पॅरासोशल नातं म्हणतात ते हेच. पुढं १९८९ मध्ये केनेथ डोका यांनी अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज शोक मानायलाच तयार नसतो. तुमचं तसंच झालंय. दुःख आहे, पण त्याला सुतक नाही, सुट्टी नाही आणि समाचाराला कुणी येत नाही.

नाटकापुरतं मात्र मी त्या दोघा अभ्यासकांशी भांडेन. नाटकात नातं इतकं एकाच बाजूचं नसतं. तुम्ही केशवरावच्या खुर्चीत बसून हसलात ते रंगमंचावर ऐकू गेलं. विनोदी नट पुढचं वाक्य हशा ओसरेपर्यंत रोखून धरतो. फार लवकर बोलला तर वाक्य हशात बुडतं, उशीर केला तर प्रयोग पडतो. रोजचा प्रेक्षक वेगळा, म्हणून ही वेळ रोज नव्यानं साधावी लागते, आणि ती तो प्रेक्षकांच्या आवाजावरून साधतो. मंदीनं गांजलेल्या त्या रात्री परचुरेंना तुमचं नाव ठाऊक नव्हतं, पण त्यांनी जे थांबे घेतले ते तुमच्या आणि तुमच्या शेजारच्यांच्या हसण्यासाठी घेतले होते. त्या दोन तासांत तुम्ही दोघं मिळून एक काम करत होतात. अशा माणसाचं आपण काही लागतो असं वाटलं, तर त्यात खुळेपणा कसला?

आणि माणूसही कसा! पु.लं.ची भूमिका रंगमंचावर उभी करायची, म्हणजे ज्यांची लकब महाराष्ट्राला पाठ आहे अशा माणसाच्या अंगात शिरायचं. ते धाडस त्यांनी केलं आणि लोकांनी ते मानलं. कॅन्सर झाल्याचं स्वतः सांगितलं, त्यातून उठून परत कामाला लागले. ५७ हे काही जायचं वय नव्हतं. परत उभा राहिलेला माणूस गेला की जास्त लागतं, कारण आपण मनातल्या मनात त्याला बरा करून टाकलेलं असतं.

आता फोटोचं. वहिनी म्हणतात, हार घातलेला फोटो घरच्या माणसाचा असतो. पण तुमच्या उद्यमनगरात किती वर्कशॉपमध्ये शाहू महाराजांचा फोटो आहे? त्यांना रोज उदबत्ती लावणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या भावकीतले? ६ मे २०२२ ला सकाळी दहा वाजता, महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली म्हणून, कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं. महाराजांना डोळ्यांनी बघितलेलं त्या रस्त्यांवर कोण असणार? तुम्हीही त्या दिवशी मशीन बंद केलं असेल. ज्याच्यामुळं आपलं काही भलं झालं त्याला घरचा मानायची रीत या गावाला आहेच.

तेव्हा परचुरेंचा फोटो जरूर लावा. फक्त दोन गोष्टी बघा. एक, हार घालू नका. वहिनींचा आक्षेप हाराला आहे आणि तो मला रास्त वाटतो. भूमिकेतला, हसरा फोटो शोधा आणि नुसता लावा. दुसरी गोष्ट, वर्कशॉपमध्ये आबांचा फोटो आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी तो.

मुलीकडं येते. इथं तुमचं चुकलं, आणि तुम्हालाही ते कळलंय, नाहीतर हे पत्र आलं नसतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ साली शाहू महाराजांनी उभं केलेलं ते पॅलेस थिएटर, पुढं त्याला केशवरावांचं नाव मिळालं. खासबाग मैदानाच्या बाजूनं ते काळवंडलेलं छप्पर बघून कोल्हापूरची माणसं रडली, नट रडले, तिकीटसुद्धा कधी न काढलेली माणसं रडली. तुमचाही त्या दिवशी घास उतरला नसेल. आता केशवरावांचंच बघा. कोल्हापुरात १८९० मध्ये जन्मलेला हा गायक नट ४ ऑक्टोबर १९२१ ला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबरचा तो गाजलेला संयुक्त प्रयोग त्यांनी मुंबईत केला होता, आणि तीन महिन्यांच्या आत विषमज्वरानं त्यांना नेलं. वय एकतीस.

लियाम पेन १६ ऑक्टोबरला ब्यूनस आयर्सला गेला. त्याचंही वय एकतीस.

एकतीस वर्षांच्या एका गायकाचं नाव शंभर वर्षं जपणाऱ्या गावचे तुम्ही. तो आवाज कोल्हापूरच्या कानांनी ऐकला होता आणि हा तुमच्या मुलीनं हेडफोनमधून ऐकला. फरक एवढाच, आणि तो तिच्या दुःखात काही कमी करत नाही. तिनं ती गाणी ऐकायला घेतली तो काळही बघा. शाळा बंद, मैत्रिणी बंद, घरातनं आजोबा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. चौदा वर्षांच्या पोरीला त्यांचं शेवटचं दर्शनही झालं नाही. त्या दिवसांत तिच्या खोलीत जे आवाज होते त्यातला एक आता गेला.

शिवाय आणखी एक दुःख तुम्हाला दिसलं नसेल. तो बँड, वन डिरेक्शन, २०१० साली जमला आणि २०१६ पासून थांबलेला होता. म्हणजे तुमच्या मुलीला ती मंडळी सापडली तेव्हा ती एकत्र नव्हतीच. पाचही जण कधीतरी पुन्हा एका रंगमंचावर येतील या आशेवर असे लाखो चाहते होते. ती आशा त्या एका रात्रीत कायमची संपली. ज्याला प्रयोग लागायची वाट बघणं ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

तिच्याशी बोलायचं कसं? दारात उभं राहून नको, जेवणाच्या ताटावर नको आणि वहिनींमार्फत तर मुळीच नको. तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तीन दिवस आधी मी स्वतः रडलो होतो आणि तुला मात्र बोललो." एवढंच. याच्यापुढं 'पण' येऊ देऊ नका. पण बारावी आहे, पण तब्येत बघ, पण तो कसा वागायचा म्हणे, यातलं काहीसुद्धा नको. ती लगेच बोलेल असं नाही. कदाचित भिंतीकडं तोंड करून पडून राहील. चालेल. दोन-चार दिवसांनी तिला म्हणा, त्याचं तुला सगळ्यात आवडतं ते गाणं मला ऐकव. आणि मग फोन खिशात ठेवून ते शेवटपर्यंत ऐका. शब्द कळले नाहीत तर तिला विचारा, ती सांगेल. मला वाटतं, आपल्याला विचारलं गेलं याचंच तिला बरं वाटेल.

तो गेल्यावर एका परदेशी संकेतस्थळानं त्याच्या मृतदेहाचे काही भाग दिसतील असे फोटो छापले होते. लोक खवळले तेव्हा ते काढले, पण तोवर ते जगभर फिरले. ते तुमच्या मुलीनं बघितले असतील तर दोन दिवस अन्न न उतरण्याचं कारण तेही असू शकतं. हळू विचारा, तपासणी केल्यासारखं नको. तसल्या चित्रफिती आणि 'खरं काय घडलं' सांगणारे व्हिडिओ सतत बघत असेल, तर ते थांबवायला तिला मदत करा. गाणी ऐकू दे, हवी तितकी.

एका बाबतीत मात्र दुर्लक्ष करू नका. आता महिना उलटून गेलाय. ती क्लासला जातेय का, मैत्रिणींशी बोलतेय का, झोपतेय का, हे वहिनींना विचारा. जेवणखाण अजून सुटलेलं असेल, किंवा बोलण्यात 'जगून काय करायचं', 'मी पण जाते' असं काही आलं, मग ते रागात का असेना, तर वाट बघू नका. तिला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, तिथं घेऊन जा. हे मी घाबरवायला लिहीत नाही. तिच्या वयाला, आणि जाणाराही तरुण असताना, एवढं बघणं आईबापाचं कामच आहे.

आता या दुःखाला काम काय द्यायचं ते बघू. शेजारच्या कर्नाटकात दोन्ही तऱ्हा बघायला मिळाल्या आहेत. १२ एप्रिल २००६ ला कन्नड नट राजकुमार गेले तेव्हा बंगळुरात जाळपोळ झाली, त्यात माणसं मेली. चाहत्यांना आपल्या दुःखाचं काय करावं हे सुचलं नाही आणि त्यांनी बसगाड्या फोडल्या. त्यांचा मुलगा पुनीत, तोही नट, २९ ऑक्टोबर २०२१ ला ४६ व्या वर्षी गेला. त्याचं नेत्रदान झालं आणि पाठोपाठ हजारो चाहत्यांनी नेत्रदानाचे अर्ज भरले. दुःख तेवढंच होतं, पण या वेळी चाहत्यांपुढं करण्यासारखं काहीतरी होतं.

तुमच्यासाठी मी विचार केला तो असा. तुम्ही लेथवाले. हौशी नाटकवाल्यांचं नेपथ्य कशावर उभं असतं हे तुम्ही विंगेत जाऊन बघितलंत तर तुमचा जीव कळवळेल. सरकत्या सेटची चाकं डुगडुगतात, पडद्याच्या कप्प्या कुरकुरतात, लाइटचे क्लॅम्प सुतळीनं बांधलेले असतात. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी दरवर्षी कोल्हापूर केंद्रावर होते, आणि त्यात उतरणाऱ्या संघांकडं पैसे कधीच पुरेसे नसतात. त्यातल्या एका संघाकडं जा आणि विचारा, तुम्हाला काय करून हवंय? चार चाकं आणि दोन कप्प्या तुम्ही रविवारच्या दुपारी काढून द्याल. हाताखालच्या पोरांना बरोबर घ्या. त्यांनी तुम्हाला रडताना बघितलंय, आता त्या रडण्याचं पुढं काय झालं तेही बघू देत.

दुसरं, तिकिटं काढा. केशवराव नसेल तर जिथं प्रयोग लागेल तिथं जा. नट गेल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात, तो असताना अर्धं नाट्यगृह रिकामं ठेवणारेही तेच असतात. तुम्ही त्यातले नाही हे मला दिसतंय, पण यापुढं एकटे जाऊ नका. आणि जे कलाकार हयात आहेत, ज्यांनी तुम्हाला कधी ना कधी हसवलंय, त्यांना पत्र लिहा. २००९ ची ती रात्र परचुरेंना कळवायची राहून गेली. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ती राहायला नको. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय तुमच्याच गावात आहे. कोल्हापूरच्या जुन्या कलाकारांचे, पडद्यामागच्या माणसांचे पत्ते तिथं विचारता येतील. सिनेमा इथून मुंबई-पुण्याला गेला तरी त्याच्यासाठी राबलेली कितीतरी म्हातारी माणसं इथंच आहेत. त्यांच्याकडं जाऊन तासभर बसलात तरी पुष्कळ होईल.

राहिले आबा. आणि वहिनी, कारण मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत.

वहिनी त्या रात्री जे बोलल्या ते तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय. मी ते परत परत वाचलं आणि मला त्यात दुसरंच काही ऐकू आलं. शेवटचे आठ दिवस आबा फोन करत होते तो त्यांना. मुलगा धावपळीत, म्हणून सुनेला. दवाखान्यात एकटं पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला धीर देणं, श्वास लागतोय तो ऐकणं आणि फोन ठेवून परत स्वयंपाकाला लागणं, हे सगळं त्यांनी केलं. मामंजी गेल्यावर त्या रडल्या असतील तर बहुधा एकट्याच. शेजारी त्यांच्याइतकंच दुःख असलेलं दुसरं माणूस होतं, पण ते पावत्या लावत होतं. साडेतीन वर्षं त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. मग एके दिवशी तुम्हाला रडताना बघितलं, आणि कळलं की या माणसाला रडता येतं. त्यांच्या त्या प्रश्नात, 'तेव्हा मला तुमच्याबरोबर रडायचं होतं', असं काहीतरी असणार. माझा अंदाज चुकला तर वहिनींनी मला जरूर लिहावं.

आबांना नाटकाचा राग होता आणि तुम्हाला नाद. त्यावरनं तुमच्यात जे काही झालं असेल ते मिटायचं राहून गेलं असेल, तर तेही याच्यातच धरा. रागावलेल्या बापासाठी रडणं अवघड असतं, कारण आधी त्याच्याशी भांडण संपवावंसं वाटतं.

तुमचं गाव स्मशानाला शेणी दान करणारं आहे. होळी लहान करून शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीला देतात, कुणाच्या स्मृतिदिनालाही देतात. तिथं महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्याला ही मदत लागते. आबांच्या नावानं तुम्ही शेणी द्या. मे महिन्याची वाट बघायची गरज नाही, या महिन्यातला कुठलाही दिवस चालेल. ज्या ठिकाणी लांब उभं राहावं लागलं तिथं या वेळी जवळ जा, आपल्या हातानं शेणी उतरवा. वहिनींना बरोबर न्या. मुलीची तयारी असेल तर तिलाही, आग्रह करू नका.

त्या दिवशी वर्कशॉप बंद ठेवा, पोरांना पगारी सुट्टी द्या आणि फोन घरी ठेवा. कुठलंही काम तुमच्यापर्यंत पोचता कामा नये, तीच त्या दिवसाची खरी तयारी. घरी परत आल्यावर वहिनींना स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका, जेवण बाहेरनं आणा. आणि त्यांना विचारा की त्या आठ दिवसांत आबा फोनवर काय काय बोलले. तुम्ही हे अजून विचारलेलं नाही, निदान पत्रात तसं कुठं दिसत नाही. त्या सांगतील तेव्हा मध्ये बोलू नका, 'मी तेव्हा बिलाच्या रांगेत होतो' असंही नको. त्यांना सगळं सांगू द्या.